धानाच्या काट्यावर

दुपारी झोपते ती बाई आळशी, असं आमच्या गावात म्हणतात. म्हणोत बापडे. ज्याला म्हणायचं आहे त्याने आधी पहाटे तीनला उठून चाळीस माणसांचा नाश्ता बांधून दाखवावा, मग माझ्याशी बोलावं.

मोहर्लीच्या वाटेवरच्या एका रिसॉर्टमध्ये मी नऊ वर्षं स्वयंपाक केला. वाघ पाहायला आलेला माणूस उजाडायच्या आत गेटवर हवा, म्हणजे त्याचा डबा त्याच्या आधी जिप्सीत हवा, म्हणजे आमचा गॅस त्याच्याही आधी पेटलेला हवा. दहाला पाहुणे परत येतात. वाघ दिसला असेल तर दोनदा वाढून घेतात, नसेल दिसला तर पोह्यात मीठ कमी निघतं. मग बारा ते तीन एसी लावून झोपतात, कारण तीनला पुन्हा सफारी. आणि बारा ते तीन आम्ही काय करायचं? भांडी, चादरी, रात्रीची भाजी. नऊ वर्षांत मी दुपारी पाठ टेकली नाही. खरं सांगते, त्याचं मला काही वाटतही नव्हतं. वाटायला लागलं ते सुनेमुळे.

सून म्हणजे माझ्या भावाचीच लेक. आमच्या लोकांत आत्याच्या घरी पोरगी देण्याची रीत आहे, म्हणून ती मला सासूबाई वगैरे म्हणत नाही, आत्या म्हणते. माझं माहेर भामरागडच्या पलीकडे. पावसाळ्यात नदी रस्त्यावर येते आणि चार महिने कोणी कोणाचं तोंड पाहत नाही. पोरीला पाठवताना भाऊ म्हणाला होता, "नाजूक हाय वं, जराक सांभाळ तिले."

मी म्हटलं, "काऊन गा, माझ्या घरी काय वाघ खाते तिले?" तेव्हा सगळे हसलो होतो.

फेब्रुवारीत ती बाळंत झाली. मुलगी झाली. सव्वा महिना मी तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. गरम पाणी, शेक, तांदळाची पेज, जवसाची चटणी. सव्वा महिना संपला त्याच आठवड्यात मॅनेजरचा निरोप आला. "सिझन हाय मावशी. चादरी कोण धुईन?" माझा मुलगा जिप्सी चालवतो, त्याला गिऱ्हाईक रिसॉर्टवाले देतात. नाही कसं म्हणायचं? किचनच्या मागच्या टिनाच्या शेडमध्ये लेकराची झोळी बांधली आणि सून कामाला लागली. धुणं मशीन करायची, पण ओल्या चादरींच्या बादल्या गच्चीवर न्यायला मशीनला पाय नव्हते.

एप्रिलमध्ये अंगणवाडीच्या बाईने लेकराला काट्यावर ठेवलं आणि तिचं तोंड उतरलं. मागच्या महिन्याइतकंच वजन, एक गुंजही वर नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, "लेकराले काई नाई झालं. आईचं दूध पुरून नाई राह्यलं. दुपारी दोन घंटे झोपू द्या तिले न पोटभर पेज द्या. येवढंच औषध."

दोन घंटे! मी मॅनेजरकडे गेले. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाला, "आज तुमाले देले तर उद्या सगळ्याच मागतीन मावशी." मी गप बसले. तेव्हा बसले.

त्याच महिन्याच्या शेवटी रिसॉर्टवर शिबिर आलं. ऋतूप्रमाणे खाणं आणि आराम, चिनी पद्धतीने, दहा दिवस. शिकवणाऱ्या मॅडम पुण्याच्या. तीनचार वर्षं चीनमध्ये राहून आलेल्या, तिथे शेजारच्या एका म्हातारीने त्यांना हे सगळं शिकवलं होतं. काय शिकवलं ते किचनच्या खिडकीतून ऐकून मला हसू आवरेना. सकाळी गरम पाणी प्या. भाताची पातळ पेज खा, वर आल्याचे तुकडे आणि सुकलेली लाल बोरं. संध्याकाळी गरम पाण्यात पाय बुडवून बसा. ज्या ऋतूत जे येतं तेच खा. उन्हाळा हा काळजाचा ऋतू, तेव्हा दुपारी झोपलंच पाहिजे.

"अगे माय," मी सुनेला म्हटलं, "चीनची बुढी आपल्याच गावची दिसते."

पेज मीच शिजवायची. पहिल्या दिवशी मॅडमनी सांगितली तशी केली, दुसऱ्या दिवसापासून माझ्या हाताने. चीनची बोरं संपली तेव्हा मी घरची वाळवलेली बोरं टाकली. कोणाला कळलंही नाही, उलट दोघा-तिघांनी मागून घेतली.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी कैरीचं पन्हं सांगितलं. मी केलं, पण त्यांना बोलावून म्हटलं, "मीठ-साखर तुमी पाहा. मी चाखणार नाई."

"का हो मावशी?"

मग सांगावं लागलं. माहेरी आंब्याचं पंडुम झाल्याशिवाय आम्ही नवा आंबा तोंडात घालत नाही. पंडुम म्हणजे नव्या फळाचा सण. आधी देवाला, मग गावाला. त्या दिवशी काम बंद. दारात उभा असेल त्या प्रत्येकाच्या हातावर कैरीची फोड पडते, म्हातारा असो, लेकरू असो, रस्ता चुकलेला पाहुणा असो. सगळे खातात तेव्हाच एक जण खातो. भावाचा फोन येईपर्यंत मी थांबायची, लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी.

मॅडमचे डोळे भरून आले. संध्याकाळी त्यांनी पाहुण्यांना सांगितलं की म्हातारीच्या गावातही असंच आहे, उन्हाळा लागतो त्या दिवशी सगळं घर मिळून नवं चाखतं. मला ती बाई आवडली. आजही आवडते, पुढे जे झालं ते झालं तरी. दोन दिवसांनी भावाचा फोन आला, "झालं पंडुम." मी आणि सुनेने किचनच्या मागे उभं राहून एक कैरी मिठाशी खाल्ली. तिला माहेर आठवलं. तिने नाक पुसलं आणि बादली उचलली.

चिनी पंचांगात उन्हाळा मे महिन्याच्या सुरुवातीला लागतो. आम्ही चंद्रपूरवाले तोवर अर्धे भाजून निघालेले असतो, पण असो. त्या दिवशी म्हातारीच्या गावात घरातल्या सगळ्यांचं वजन करतात. मॅडमनी समजावून सांगितलं, की ऊन माणसाचं मांस खातं, म्हणून उन्हाळा लागताना एकदा तोलायचं आणि संपताना पुन्हा तोलायचं. जो हलका भरेल त्याला घराने सांभाळायचं. धान्य तोलायच्या काट्यावरच तोलतात. म्हणून माझ्या मुलाने धानाच्या व्यापाऱ्याकडचा मोठा टांगता काटा आणला, अंगणातल्या कडुनिंबाला अडकवला, खाली बांबूची मोठी पाटी दोराने बांधली आणि तिला आंब्याच्या पानांचं तोरण लावलं. देखणं दिसत होतं.

पाहुण्यांची रांग लागली. एकेक जण पाटीत बसायचा, मॅडम वजन मोठ्याने सांगायच्या, वर दोन शुभ शब्द बोलायच्या, लाल दोऱ्याचं एक कार्ड गळ्यात घालायच्या. हसणं-खिदळणं चाललं होतं.

मी हात धुतले, सुनेला म्हटलं, "चल, लेकराले घे," आणि रांगेत जाऊन उभी राहिले.

लोक नंतर म्हणाले मी मुद्दाम केलं, भांडण काढायला केलं. शपथ सांगते, नाही. घरातल्या सगळ्यांचं वजन, असं त्या बाईने सांगितलं होतं. पंडुमच्या दिवशी दारात उभ्या माणसाला कोणी परत पाठवत नाही, हे मला इतकं अंगवळणी पडलेलं की दुसरं काही मनातच आलं नाही. नऊ वर्षं ज्यांना खाऊ घातलं ते घर माझं नाही, हे मी त्या दिवशी विसरले. एवढीच माझी चूक.

रांगेतले मागे वळून आमच्याकडे पाहू लागले. एका पाहुण्याने मोबाईल काढून आमचा फोटो घेतला. मॅनेजर घाईने आला आणि हसरं तोंड ठेवून दातातल्या दातात म्हणाला, "मावशी, हे काय? गेस्टसाठी हाय हे. चला, किचनमधी चला."

माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. मी वळलेही असते कदाचित. पण मागे पाहिलं तर सून आधीच निघाली होती. पदर सारखा करून, लेकराला छातीशी धरून, खाली मान घालून, कोणी ओरडायच्या आधीच. इतकी सवय झालेली पोरीला! ते पाहून माझं डोकंच फिरलं.

"नाई," मी म्हटलं. "मॅडमनं सांगतलं, घरातल्या समद्यांचं वजन होते. मंग आमी कोण? भांडे?"

मॅडम लाल झाल्या. "येऊ द्या, येऊ द्या ना त्यांना," असं घाईने म्हणाल्या.

मी पाटीत बसले. बेचाळीस. मॅडमनी हळूच सांगितलं. मग लेकराला माझ्याकडे देऊन सून बसली. छत्तीस. एका लेकराला अंगावर पाजणारी बाई, छत्तीस किलो. व्यापाऱ्याकडे धानाचं पोतं याहून जड असतं. शुभ शब्द मॅडमना त्या क्षणी सुचले नाहीत. त्यांनी नुसती कार्डं आमच्या गळ्यात घातली. कार्डाच्या मागे सगळ्यांसाठी एकच मजकूर छापलेला होता: वजन हलकं असल्यास दुपारी झोप, रोज पेज, जड काम नाही. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजरनेही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता सून ओल्या चादरींची बादली घेऊन जिना चढत होती.

मी बादली तिच्या हातातून काढली आणि जिन्यातच ठेवली. तिचा हात धरून शिबिराच्या हॉलमध्ये नेलं. कूलर चालू होते, पडदे ओढलेले, पाहुणे चटयांवर आडवे झालेले. मी कडेला दोन चटया टाकल्या.

"आत्या, काढून टाकतीन आपल्याले."

"झोप म्हटलं ना!"

ती आडवी झाली. लेकरू दोघींच्या मध्ये. त्याने दूध ओढायला सुरुवात केली आणि ते पोटभर प्यायच्या आत ही पोरगी झोपलीसुद्धा, तोंड उघडं टाकून. मी तिच्या शेजारी पडून राहिले, डोळे सताड उघडे, नजर दारावर. झोपायला आले नव्हते मी, राखणीला आले होते.

अर्ध्या तासाने मॅनेजर आला. पाहुणे झोपलेले, त्यामुळे बिचाऱ्याला कुजबुजत ओरडावं लागलं.

"मावशी, उठा."

"दोन वाजता."

"तमाशा करू नका."

"झोपलेल्या माणसाचा कुठी तमाशा असते गा? कार्ड वाचा. तुमीच टाळ्या वाजवल्या ना काल?"

समोरच्या चटईवर मॅडम होत्या. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"दोन वाजता उठा," मॅनेजर म्हणाला, "अन् सरळ घरी जा. दोघी. उद्यापासून येऊ नका."

"बरं," मी म्हटलं. आणि दोन वाजेपर्यंत हलले नाही. पोरीला उठवलं, चटया गुंडाळून जागेवर ठेवल्या आणि भर उन्हात घरी आलो.

मुलाला कळलं तेव्हा तो ताटावरून उठला. "आई, काय गरज होती? आता मले गाडीचे फोन येणं बंद होईन!"

"होऊ दे. आधी तुह्या लेकराचं वजन पाय. मंग माह्याशी बोल."

त्याने हात धुतला आणि बाहेर जाऊन जिप्सीत बसला. मला भीती वाटत होती, खोटं काऊन बोलू? नऊ वर्षांचं काम घालवलं होतं, तेही दोन तास चटईवर पडून राहण्यासाठी. भावाला फोन करायचा धीर झाला नाही.

चौथ्या दिवशी जिप्सी दारात थांबली. मॅनेजर आणि मॅडम. मॅडम पुण्याला परत निघाल्या होत्या. मॅनेजर खाटेच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "या मावशी परत. नवीन बाईच्या हाताले चव नाई. दुपारी दोन घंटे झोपा, कोणी काई म्हणणार नाई."

"अन् सुनेले?"

"तिच्या जागी दुसरी लावली. अन् तुमाले मालूम आहे, एकीले देलं तर सगळ्याच मागतीन."

मॅडम मध्येच बोलल्या, "दोघींनाही घ्या ना." आवाज अगदी बारीक. मॅनेजर अंगणातल्या कोंबडीकडे पाहत राहिला. मग त्या मला म्हणाल्या, "मावशी, त्या दिवशी मला झोप लागलेली नव्हती."

"मालूम हाय मले," मी म्हटलं आणि त्यांना वाटीभर पेज दिली. त्या ती शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या. दारात आलेल्याला आम्ही तसं पाठवत नाही.

मॅनेजरला मात्र सांगून टाकलं. "सगळ्याच मागतीन म्हणता. मागू द्या ना. आमच्यात एकटं माणूस नवं खात नाई. दोघीले झोप देत असाल तर येईन. नाई तर एकही नाई."

जिप्सी गेली. मी दारातच बसले. सून आतून सगळं ऐकत होती. तिने पाण्याचा तांब्या आणून दिला.

तो उन्हाळा कठीण गेला. मी पहाटे तेंदूपत्त्याला जायची, ऊन चढायच्या आत पानं आणून अंगणात पुडे बांधायची. सुनेला बाराच्या ठोक्याला आत पाठवायची आणि दार लोटून घ्यायची. शेजारणी यायच्या. "सून कुठी?" झोपली. "या टायमाले?" हो, याच टायमाले. पुढे पाऊस लागला, तरोट्याची भाजी आली, सात्या म्हणजे रानातली अळंबी आली, बांबूचे कोवळे वास्ते आले. जे जंगलात आलं ते चुलीवर आलं, आणि पहिला वाटा तिचा. मुलाला दुसऱ्या रिसॉर्टकडून फोन येऊ लागले. लेकरू अंगणवाडीच्या काट्यावर दर महिन्याला थोडं थोडं वर सरकत गेलं. मी लोकांच्या धानाच्या बांधीत रोवणीला लागले, दिवसभर चिखलात वाकलेली.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मुलाच्या मोबाईलवर मॅडमचा निरोप आला. म्हातारीच्या पंचांगात उन्हाळा संपला, आज दुसऱ्या वजनाचा दिवस.

अंगणवाडीत गेलो. गरोदर बायांना तोलायचा काटा होता, त्यावर सून उभी राहिली. साडेएकोणचाळीस. मी हात जोडले, कोणाला ते माहीत नाही. मग ती म्हणाली, "आत्या, तू चढ."

"माह्यं काय पाहतं!"

"चढ."

अडतीस.

"पाय वं," मी हसून म्हटलं, "माह्ये चार गेले, तुह्ये साडेतीन आले. अर्धा किलो कुठी सांडला?"

अंगणवाडीची बाई हसली. सून हसली नाही. घरी आल्यावर तिने तांदळाच्या डब्यामागून लाल दोऱ्याचं कार्ड काढलं, माझं कार्ड, उलटं केलं आणि एकेक अक्षर वाचून दाखवलं. दुपारी झोप. रोज पेज. जड काम नाही.

"उद्यापासून रोवणीले मी जातो. लेकरू आता पेज चाटते, राहीन तुह्यापाशी. तू बारा वाजता झोपायचं."

"येडी झाली काय? सून चिखलात न सासू खाटेवर! लोक काय म्हणतीन?"

"झोप म्हटलं ना!" ती म्हणाली.

माझाच आवाज.

दुसऱ्या दिवशी ती गेली. बारा वाजले. लेकरू पेज पिऊन झोपलं. मी त्याच्या शेजारी आडवी झाले आणि लगेच उठले, कोंबडी आत आली असं वाटलं. पुन्हा पडले, पुन्हा उठले, चुलीवरचं भांडं पाहायला. भांडं रिकामं होतं. सगळ्या जगाशी भांडून ज्या झोपेसाठी काम सोडलं, ती मला घेताच येत नव्हती. पाठ टेकली की चोरी केल्यासारखं वाटायचं. नऊ वर्षांचा मॅनेजर माझ्या अंगातच बसला होता की काय कोण जाणे. मी दातओठ खाऊन तिसऱ्यांदा पडले.

तेवढ्यात शेजारीण दारात आली. मला आडवी पाहून घाबरलीच ती.

"काय वं, तब्येत बरी नाई का?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. अंग कसकस करते, कंबर धरली, काहीही चाललं असतं. आजारी बाईला कोणी आळशी म्हणत नाही.

"बरी हाय तब्येत," मी म्हटलं. "झोपून राह्यली."

ती बघत उभी राहिली. मी कूस बदलली आणि दोन वाजेपर्यंत झोपले.